बागकट्टा : झाडं लावायला सगळे, पाण्याला कोण?

प्रश्न : ताई, आमचा एरियातल्या हौशी लोकांचा बागकामाचा ग्रूप आहे, २० जण आहोत, रविवारी सकाळी टेकडीच्या उतारावर झाडं लावतो. जुलैत सगळे येतात, फोटो होतात, वडापाव होतो, आणि फेब्रुवारीनंतर पाणी घालायला तीन-चार टाळकी उरतात. यंदा १०० झाडांचं टार्गेट ठरतंय. मला धडकी भरलीये. काय करू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : धडकी बरोबर आहे तुमची. १०० झाडं नकोतच. हिशोब करा ना, एका रोपाला एका वेळी १५ लिटर धरलं तरी १०० रोपांना दीड हजार लिटर, म्हणजे २० लिटरचे ७५ कॅन, तेही एप्रिलच्या उन्हात चढावर, आणि उचलणारे चौघं! तेच ३० झाडं असली तर २२-२३ कॅन होतात, सगळे आले तर माणशी जेमतेम एक. म्हणून पुढच्या मीटिंगला किती लावायची हे विचारूच नका, मार्च ते मे कोणत्या रविवारी कोण येणार ते आधी कागदावर लिहून घ्या, जेवढी नावं येतील तेवढीच रोपं आणा. लोक कुरकुर करतील, करू देत, फोटो ३० झाडांचेही छान येतात.

आणि रोज तांब्याभर पाणी घालायचा उत्साह कोणाला असेल तर त्याला प्रेमाने थांबवा, त्याने मुळं वरच्यावर राहतात. आठवड्यातनं एकदा-दोनदा पण आळं भरून, सावकाश मुरेल असं घालायचं, वर वाळल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन, फक्त खोडाला चिकटवू नका. खड्डे मेमध्येच २ बाय २ बाय २ फुटांचे खणून ऊन खाऊ द्यायचे, रोप लावायचं ते दोन-तीन दणकून पाऊस झाल्यावर. पिशवी काढून लावायची हो, हे सांगावं लागतं! पळस, बहावा, काटेसावर लावा, एकदा धरली की उन्हाला दाद देत नाहीत. गिरिपुष्प फुकट मिळालं तरी नको, टेकड्यांवर आधीच माजलंय. जागा वनखात्याची का महापालिकेची ते विचारून परवानगी आधी काढा. होळीच्या आत प्रत्येक रोपाभोवतीचं दोन-तीन फूट गवत काढून टाका, कारण टेकडीवर वणवा लागला की तीन वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. तीन उन्हाळे काढले की मग रोप बहुतेक आपलं आपण बघतं.

प्रश्न : सोसायटीच्या पर्जन्यवृक्षाची पानं झाडूवाले जाळतात. आमच्या बागमंडळाला खत करायचंय पण सेक्रेटरी म्हणतात वास येईल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाळायला घनकचरा नियमांनीच बंदी आहे, ते सेक्रेटरींना सांगा. नुसत्या पानांना वास येत नाही, येतो तो ओलं खरकटं कोंबल्यावर, ते घालूच नका. कोंबडीजाळीचा तीन फुटी गोल पिंजरा करून वीतभर पानं, त्यावर शेणकाला नाहीतर आंबट ताक, परत पानं, असं रचत जा. मूठ दाबली की ओल जाणवली पाहिजे, पाणी गळायला नको. महिन्यातनं एकदा वरखाली करायचं. चारेक महिन्यांत काळंभोर होतं, आणि ते मागायला सेक्रेटरीच पहिले येतात, बघा.

प्रश्न : फुटपाथ करताना जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय. ग्रूपने स्वतः फोडलं तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको! ब्रेकरने मुळं तुटतात आणि फुटपाथ महापालिकेचा, उगाच तुमच्यावरच केस व्हायची. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लेखी अर्ज द्या, महाराष्ट्रात शहरातली झाडं जपायला १९७५ पासून कायदा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाने, २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. प्रत्येक झाडाचा फोटो जोडा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.