गॅव्हिन हेस्टिंग्ज: त्या एका किकवरून माप काढू नका

तुम्ही विचारलंय की, १९९१च्या रग्बी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात गोलखांबांसमोरून पेनल्टी (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणारी, खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) हुकवणाऱ्या गॅव्हिन हेस्टिंग्जला स्कॉटलंडचे लोक एवढं डोक्यावर का घेतात. त्या किकची क्लिप सगळीकडे फिरते, म्हणून प्रश्न पडणं साहजिक आहे. पण मी उत्तराची सुरुवात पाच वर्षं आधीपासून करतो.

जानेवारी १९८६, एडिनबराचं मरेफील्ड मैदान, समोर फ्रान्स. गॅव्हिन आणि त्याचा धाकटा भाऊ स्कॉट, दोघांचाही पहिला आंतरराष्ट्रीय सामना. सामना सुरू करणारी किक गॅव्हिनकडे होती, आणि त्याने चेंडू थेट टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेपलीकडे मारला. आता मध्यावर स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटा लावतात तो) होणार म्हणून स्कॉटिश खेळाडू मागे वळले. फ्रेंचांनी मात्र झटकन चेंडू आत फेकला आणि त्यांच्या बेर्बिझिएने ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. एक मिनिटही झालं नव्हतं! पदार्पणात असं झालं की पुढची ऐंशी मिनिटं चेंडू नकोसा वाटतो. ह्याने सहा पेनल्टी मारल्या. स्कॉटलंड १८, फ्रान्स १७, आणि स्कॉटलंडचे सगळेच्या सगळे गुण त्याचे. त्याच मोसमात इंग्लंडला ३३-६ असं लोळवलं, त्यातले २१ गुण गॅव्हिनचे. हाच त्याचा खरा गुण, असं माझं मत आहे. झालेली चूक तो पुढच्या किकपर्यंत वागवत नसे.

१९९०चा ग्रँड स्लॅम (फाइव्ह नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) तर माहीत असेलच. कर्णधार डेव्हिड सोल संघाला संथ चालीने मैदानात घेऊन आला, तो इंग्लंडविरुद्धचा सामना. त्या दिवशी पेनल्टी क्रेग चामर्सने मारल्या, पण टोनी स्टँगरच्या ट्रायला पुढे टाकलेली छोटी किक फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे खेळणाऱ्या हेस्टिंग्जची होती, तीही टचबाहेर ढकलला जात असताना. इंग्लंड १३-७ असं हरलं. (इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला मिळणारा कलकत्ता कपसुद्धा त्याच सामन्यात पणाला होता. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला हा चषक. त्याच्या मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

मग १९९१. गुणफलक ६-६, किक अगदी सोपी, आणि ती बाहेर गेली. थोड्या वेळाने इंग्लंडच्या रॉब अँड्र्यूने ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेली किक) मारला, इंग्लंड ९-६ जिंकलं. यावर सारवासारव करण्यासारखं काही नाही, ती किक खांबांमधून जायलाच हवी होती. पण त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा) कर्णधार म्हणून न्यूझीलंडला कोणाला पाठवलं? ह्यालाच. मालिका २-१ हातची गेली खरी, पण पहिली कसोटी २०-१८ अशी निसटली त्यात लायन्सचे सर्व १८ गुण त्याच्या पायातून आले होते.

फेब्रुवारी १९९५, पॅरिस, हा माझा सर्वांत आवडता सामना. स्कॉटलंड तिथे १९६९नंतर जिंकलेलं नव्हतं. शेवटची काही मिनिटं उरलेली, फ्रान्स २१-१६ पुढे. ग्रेगर टाउनसेंडने टॅकल होता होता चेंडू उलट्या हाताने आत सरकवला आणि हेस्टिंग्ज सरळ खांबांखाली पळत गेला. कन्व्हर्जनही (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) त्यानेच मारलं, २३-२१. पुढे इंग्लंडच्या मैदानावर, ट्विकनहॅमला ग्रँड स्लॅमसाठी गाठ पडली ती पुन्हा इंग्लंडशी. २४-१२ने हार, आणि इंग्लंडचे २४ही गुण अँड्र्यूचे. हा गृहस्थ काही त्याचा पिच्छा सोडेना.

त्याच वर्षीच्या विश्वचषकात आयव्हरी कोस्टविरुद्ध त्याने एकट्याने ४४ गुण केले. तो विक्रम काही दिवसच टिकला. न्यूझीलंडच्या सायमन कलहेनने जपानविरुद्ध ४५ केले. खरं सांगायचं तर असल्या एकतर्फी सामन्यांतल्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून ४८-३० हरून तो निवृत्त झाला. एकूण ६१ सामने, स्कॉटलंडसाठी ६६७ गुण. हा विक्रम पुढे क्रिस पॅटरसनने मोडला.

आणखी एक. रग्बी युनियन व्यावसायिक झालं ते ऑगस्ट १९९५मध्ये, म्हणजे त्याच्या निवृत्तीनंतर दोन-अडीच महिन्यांनी. १९९६मध्ये मात्र तो स्कॉटिश क्लेमोर्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळला, अर्थात किकर म्हणून, आणि त्या संघाने त्याच वर्षी मरेफील्डवर वर्ल्ड बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना जिंकला.