पेशीच्या चुका आणि तुझं टिपण

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण मिळालं. डीएनएपासून प्रथिनापर्यंत सगळं नीट बसवलंयस, आकृत्या सुबक आहेत, परीक्षकाला बोट ठेवायला जागा नाही. पण शेवटी तूच पेन्सिलीनं लिहिलंयस, 'पाठ झालंय, पण कळलंय असं वाटत नाही.' मला ती ओळ सगळ्या टिपणापेक्षा जास्त आवडली. हे पत्र तिच्यासाठीच.

मला वाटतं, तू या विषयाकडे सगळं सुरळीत चाललंय असं धरून बघतेस. माहिती डीएनएत असते, तिची नक्कल होते, तिचा आरएनए होतो, त्याचं प्रथिन होतं. बाणापुढे बाण. सगळं सुरळीतच चालणार असेल तर विचारण्यासारखं काही उरत नाही, मग पाठांतराशिवाय दुसरं काय करणार? त्यापेक्षा प्रत्येक बाणापाशी थांबून असं विचार: इथे चूक कशी होईल? झाली तर किती महागात पडेल? आणि ती टाळायला पेशी किती खर्च करते? एवढ्यानं तुझ्या टिपणातले निम्मे 'अपवाद' अपवाद राहणार नाहीत.

साठवणीपासून सुरुवात करू. दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात कसा मावतो, हिस्टोन प्रथिनांभोवती १४७ अक्षरजोड्यांचे वेढे कसे बसतात, हे तू छान लिहिलंयस. त्यावर मी काही बोलत नाही. पण 'डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल' ही गोष्ट तू तक्त्यात एका ओळीत उरकलीस. तिथे थांबायला हवं होतं.

थायमिन म्हणजे मूळचं युरॅसिलच, फक्त वर एक मिथिल गट जास्त. जोडी दोघांचीही समोरच्या धाग्यावरच्या ॲडेनिन या अक्षराशीच जमते. मग हा जादा गट लावण्याचा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर सायटोसिन या आणखी एका अक्षरात आहे. पाण्याच्या सान्निध्यात सायटोसिनचा अमिनो गट अधूनमधून आपोआप गळतो आणि त्याचं युरॅसिल होतं. माणसाच्या एकेका पेशीत हे रोज शंभरेक वेळा घडतं. डीएनएत मुळातच युरॅसिल असतं, तर दुरुस्ती करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अस्सल युरॅसिल कुठलं आणि सायटोसिन बिघडून झालेलं कुठलं, हे कधीच ओळखता आलं नसतं. थायमिन वापरल्यामुळे नियम अगदी सोपा झाला. डीएनएत युरॅसिल दिसलं की ते परकं, काढून टाकायचं. ते काढणारं विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधलं आणि २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. याखेरीज रोज हजारो ठिकाणी ॲडेनिन किंवा ग्वानिन साखळीतून निखळून पडतं, ते वेगळंच. डीएनए टिकाऊ असतो असं आपण म्हणतो, त्यात रेणूच्या अंगच्या मजबुतीइतकाच या अखंड डागडुजीचा हात असतो. आरएनएची प्रत बहुतेक वेळा थोड्याच वेळात मोडीत निघणारी. तिच्यासाठी एवढी उस्तवार कोण करणार?

आता नक्कल. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते अख्ख्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे आणि बहुतेक मुलं ती कंटाळून ओलांडतात.

तू लिहिलंयस: 'डीएनए पॉलिमरेज फक्त एकाच दिशेनं, ५-प्राइमकडून ३-प्राइमकडे साखळी वाढवतं. म्हणून एक धागा सलग तयार होतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी.' अगदी बरोबर. पॉलिमरेज म्हणजे साखळी जोडणारं विकर, ५-प्राइम आणि ३-प्राइम ही साखळीच्या दोन टोकांची नावं. पण 'म्हणून'च्या आधीचं 'का' कुठे आहे? पेशीला दोन्ही दिशांनी चालणारी दोन विकरं ठेवायला काय हरकत होती? या तुकड्यांची (त्यांनाच ओकाझाकी तुकडे म्हणतात), पुन्हा पुन्हा आरएनएचा प्रायमर, म्हणजे सुरुवातीचा छोटा तुकडा, घालण्याची, तो काढून फटी सांधण्याची कटकट तरी वाचली असती.

कागद घे आणि काढून बघ. नवा न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीतलं एक अक्षर, येतो तो तीन फॉस्फेट घेऊन. जोडला जाताना त्यातले दोन सुटतात आणि जोडणीला लागणारी ऊर्जा त्यातूनच मिळते. म्हणजे येणारा स्वतःचा खर्च स्वतः आणतो. समजा चुकीचा न्यूक्लिओटाइड जोडला गेला. पॉलिमरेज मागे सरकतं, शेवटचा न्यूक्लिओटाइड कापतं, साखळीचं ३-प्राइम टोक पुन्हा मोकळं होतं. पुढचा न्यूक्लिओटाइड आपली ऊर्जा घेऊन येतो आणि काम चालू. आता साखळी उलट्या दिशेनं वाढतेय असं धर. मग ती तीन फॉस्फेटं येणाऱ्याकडची नव्हे, वाढत्या टोकावरची वापरावी लागतील. चूक कापली की टोकावरची ऊर्जाही गेली. साखळी तिथेच अडकली! एकाच दिशेनं वाढण्यामागचं सर्वमान्य कारण हेच आहे: चूक खोडता यावी. ओकाझाकी तुकडे म्हणजे त्या सोयीची किंमत. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्यानं साठच्या दशकात हे तुकडे दाखवून दिले. यापुढे त्यांचं नाव लिहिताना ही किंमत आठव.

यातून काय साधतं? निव्वळ जोडी जुळवण्याच्या भरवशावर राहिलं, तर साधारण लाखात एक अक्षर चुकतं. वाचताना हा आकडा बरा वाटतो, पण माणसाची पेशी एका विभाजनाआधी बारा अब्जांच्या आसपास न्यूक्लिओटाइड जोडते. म्हणजे दर विभाजनाला लाखभर चुका झाल्या. मागे सरकून खोडण्यामुळे त्या शंभरेक पटींनी घटतात. त्यातूनही निसटलेल्यांसाठी वेगळी प्रथिनं असतात, ती धाग्यावर न जुळलेल्या जोड्या शोधतात आणि आणखी शंभरेक पटींनी चुका कमी करतात. अखेरीस अब्जात एखादी उरते.

इथे एक पेच आहे. जोडी जुळत नाहीये हे कळलं, पण दोघांतलं चूक कुणाचं? जुन्या धाग्यावरचं अक्षर खरं की नव्या? नवं ठेवून जुनं बदललं, तर चूक कायमची पक्की झाली. ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथिल गट लावलेले असतात. नव्या धाग्यावर ते लागायला थोडा वेळ जातो. त्या थोड्या वेळात दुरुस्ती उरकते: ज्यावर खूण नाही तो नवा, त्यातलं बदला.

म्हणूनच 'अर्धसंधारक' प्रतिकृती ही नुसती व्याख्या म्हणून सोडू नकोस. प्रत्येक नव्या रेणूत एक जुना धागा अखंड राहतो, म्हणून तर पडताळून बघायला मूळ प्रत हाताशी असते. हे सिद्ध करणारा मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग तू दोन ओळींत मांडलास आणि त्यातली खरी मेख सुटली. बघ: ई. कोलाय बऱ्याच पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनवर आणले. डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त फेऱ्यांनी फिरवला. डीएनए आपापल्या घनतेच्या पातळीवर जाऊन पट्टा धरतो. एका पिढीनंतर एकच पट्टा, जड आणि हलका यांच्या बरोबर मध्ये. तू इथेच 'सिद्ध झाले' लिहून मोकळी झालीस. पण जुने तुकडे दोन्ही धाग्यांत विखुरले गेले असते, तरी पहिल्या पिढीत हाच पट्टा दिसला असता. पहिल्या पिढीनं एवढंच सांगितलं की मूळ रेणू जसाच्या तसा राहत नाही. निकाल लागतो तो दुसऱ्या पिढीत. पट्टे दोन दिसतात, एक मधला आणि एक पूर्ण हलका. विखुरलेल्या तुकड्यांतून पूर्ण हलका रेणू येणार कुठून? कुठलाही प्रयोग वाचताना कुठल्या निरीक्षणानं कुठला पर्याय मेला, ते समासात लिहून ठेवायची सवय लाव. गंमत म्हणजे, नव्या धाग्यावर मिथिलची खूण नसते आणि त्यावरून दुरुस्ती होत असावी, ही कल्पना १९७६ मध्ये मांडणाऱ्यांत हेच मेसेल्सन होते.

प्रतिलेखनाबद्दल, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याबद्दल, थोडंच सांगतो. आरएनए पॉलिमरेजला प्रायमर लागत नाही आणि दहा हजार ते लाख अक्षरांमागे त्याचं एखादं चुकतं. डीएनएच्या मानानं हा ढिसाळपणाच, पण पेशीला चालतो. जिवाणूंत संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत मोडला जातो. एका प्रतीत चूक झाली तर काही प्रथिनं बिघडतील, पुढच्या पिढीकडे काही जाणार नाही.

भाषांतरणाच्या, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनण्याच्या, बाबतीत माझं एकच सांगणं: ६४ कोडॉनचा (तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचा) तक्ता पाठ करू नकोस, तो कसा हाती लागला ते वाच. १९६१ मध्ये मार्शल नायरेनबर्ग आणि हाइनरिख मात्थाई यांनी फक्त युरॅसिल असलेला आरएनए पेशींच्या अर्कात घातला आणि फक्त फेनिलॲलानिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी मिळाली. हरगोबिंद खुराना यांनी युरॅसिल आणि सायटोसिन आलटून पालटून बसवलेला आरएनए तयार केला, तेव्हा सेरीन आणि ल्युसीन ही दोन अमिनो आम्लं आलटून पालटून आली. अक्षरं दोन-दोनच्या गटानं वाचली जात असती तर असं झालं असतं का, ते तूच करून बघ. तक्ता समोर आला की तिथेही विचार: एखादं अक्षर चुकलं तर काय होईल? तिसरं अक्षर बदललं तर बऱ्याचदा अमिनो आम्ल तेच राहतं. मधलं अक्षर युरॅसिल असलेले सगळे कोडॉन पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांचे. म्हणजे कित्येक चुका एक तर दिसतच नाहीत, नाही तर जवळच्याच गुणाचं अमिनो आम्ल आणतात. कित्येक, सगळ्या नव्हेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत जीएजीचं जीयूजी झालं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं आणि त्या एका अक्षरापायी सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो.

जनुकांच्या अभिव्यक्तीच्या पानावर तू फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांचा लॅक ऑपेरॉन (जिवाणूतला एकत्र सुरू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट) दिलायस: लॅक्टोज नसताना दमनकारी प्रथिन डीएनएवर बसून जनुकं बंद ठेवतं, लॅक्टोज आलं की ते सुटतं आणि जनुकं सुरू होतात. आता मला सांग, लॅक्टोज पेशीत शिरणार कसं? त्याला आत घेणारं प्रथिन याच ऑपेरॉनमधून बनतं. शिवाय दमनकारी प्रथिनाला जो रेणू खरोखर सोडवतो, तो ॲलोलॅक्टोज. लॅक्टोजपासून तो बनवणारं विकरही याच ऑपेरॉनमधलं. पूर्ण बंद असतं तर ते कधी उघडलंच नसतं. ते पूर्ण बंद नसतंच. एका पेशीत दमनकारी प्रथिनाचे रेणू जेमतेम दहाच्या आसपास असतात. अधूनमधून जागा मोकळी सापडते आणि एखाददुसरी प्रत तयार होऊन जाते. ही गळती थांबवली तर जिवाणू लॅक्टोजसमोर असूनही उपाशी राहील. आधी चूक खोडायला इतका खर्च करणारी पेशी इथे थोडी ढिलाई मुद्दाम राखून आहे असं म्हणावंसं वाटतं. 'मुद्दाम' हे आपलं म्हणणं, पेशीला हेतू नसतो. पण पहिल्या वाचनात असं म्हटलेलं मला चालतं, पुढे ते उत्क्रांतीच्या भाषेत मांडायला शिक.

एक इशारा. 'अमक्या गुणाचं जनुक सापडलं' अशा बातम्या वाचशील तेव्हा डीएनए एकटा काहीच करत नाही हे लक्षात ठेव. १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक एका अंड्यात घातलं. त्या अंड्यातलं स्वतःचं केंद्रक निकामी केलेलं होतं. तरी अशा काही अंड्यांतून पोहणारी पिल्लं झाली. आतड्याच्या पेशीत सगळी माहिती शाबूत होती. काय वाचलं जाईल, ते भोवतालच्या अंड्यानं ठरवलं.

आता तुझ्यासाठी काम. आरएनए हाच ज्यांचा आनुवंशिक साठा आहे अशा बहुतेक विषाणूंचा जीनोम, म्हणजे सगळा आनुवंशिक मजकूर, लहान असतो, दहा-पंधरा हजार अक्षरांच्या आसपास. करोनाविषाणूंचा मात्र सुमारे तीस हजारांचा. नक्कल करताना दहा हजारांत एक चूक होते असं धरून दोघांचा हिशेब मांड, आणि एवढा मोठा जीनोम टिकायचा तर करोनाविषाणूकडे जास्तीचं काय असायला हवं ते लिही. पुस्तक नंतर उघड. आधी तुझा अंदाज कारणासकट कळव, रसायनासह, आणि चुकलाच तर खोडू नकोस, तसाच पाठव.