रोज तेच ते अंगमेहनतीचं काम, आणि ते संपतच नाही. त्याकडे चांगल्या नजरेनं कसं बघावं?

तुम्ही लिहिलंय की गोदामात रोज नऊ तास खोकी उचलता, संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करता आणि सकाळी ती पुन्हा छतापर्यंत भरलेली दिसते. गोदामातलं मला काही कळत नाही. खुरपणीतलं कळतं, म्हणून तेच सांगते.

परभणी जिल्ह्यात आमची पाच एकर कपाशी असते. बी.ए. झाले, लग्न झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात हातात खुरपं आलं. आमची जमीन काळी. पाऊस उघडला की चार दिवसांत रान तणानं पुन्हा हिरवं. केना उपटून तिथंच टाकला तर ओल्या मातीत कांड्याला मुळ्या फुटतात आणि तो परत उभा राहतो. लव्हाळा वरून कापला तरी खाली गाठ शिल्लक असते. हाताला फोड आले तेव्हा मी रडले नाही. पण आठ दिवसांपूर्वी स्वच्छ केलेला तुकडा पुन्हा उगवलेला बघितला आणि बांधावर बसून रडले.

आत्याबाई (सासूला आमच्याकडे असंच म्हणतात) शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माय, तू गवत मोजायलीस. पऱ्हाटी बघ की." पऱ्हाटी म्हणजे कपाशीच. मी बघितलं. खुरपलेल्या तुकड्यातली झाडं बाजूच्या झाडांपेक्षा चांगली वीतभर उंच होती.

त्यांचं म्हणणं शेतीशास्त्रालाही धरून आहे, हे मला नंतर समजलं. कपाशी पहिले साठेक दिवस तणापासून जपायची असते. त्या काळात रोप लहान, वाढ मंद, आणि अन्न-पाणी तण आधी ओढून घेतं. पुढं झाडं फांद्या पसरतात, ओळींमधल्या जमिनीवर सावली पडते आणि तणाचा जोर आपोआप कमी होतो. म्हणजे गवत परत आलं तरी आमची मेहनत वाया गेलेली नसते. तेवढ्या दिवसांत पऱ्हाटी पुढं निघालेली असते. तुमची भरलेली जागाही मला तशीच वाटते. काल तुम्ही उचललेलं खोकं आज कुणाच्या तरी घरी उघडलं गेलं असेल. ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

पण एवढ्यानं दिवस निघत नाही. मी एकदा हिशोब केला होता. चार फुटांवर ओळ धरली तर एका एकरात साधारण 10,890 फूट ओळी होतात, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या वर. पाच एकराचे साडेसोळा, आणि खुरपणी तीनदा आली तर जवळजवळ पन्नास. उकिडवं बसून, सरकत सरकत. हा आकडा सकाळी डोक्यात घेऊन वावरात उतरलं तर पाय उचलणार नाही. म्हणून बायका पात धरतात. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची पट्टी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पात संपली की उठायचं, कंबर सरळ करायची, पाणी प्यायचं, एकदा मागं वळून बघायचं. वावर संपत नाही, पण पात दिवसातून कितीतरी वेळा संपते. आणि संपल्याचा आनंद दर वेळी खरा असतो, पंधरा वर्षांनंतरही.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. जिची पात आधी बांधाला लागते, ती मागं राहिलेलीच्या पातीत समोरून बसते आणि तिच्याकडं खुरपत येते. कुणी सांगावं लागत नाही. नवखी असताना मी रोज मागं राहायचे, आणि मान वर केली की कुणीतरी माझ्याच ओळीत माझ्याकडं सरकत येताना दिसायचं. त्या क्षणाला अंगात जे बळ यायचं, ते कुठल्याच विचारानं येत नाही. तुमच्या गोदामातही पाती पाडून बघा: एक मांडणी, एक गाडी, जेवढं नजरेत मावेल तेवढं. आणि जोडीदार मागं असेल तर समोरून हात लावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. सगळ्याच कष्टांकडे चांगल्या नजरेनं बघायचं नसतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि नवरा-बायको दोघांना मिळून एकच 'कोयता' म्हणून मोजतात. खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिथल्या कितीतरी बायकांनी तरुण वयात गर्भपिशवी काढून घेतल्याचं उघडकीला आलं आणि 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बाईला नजर बदल म्हणून सांगणं मला पाप वाटतं. तिथं बदलायला हवी ती कामाची रीत.

तुमचं काम यातल्या कुठल्या बाजूला आहे, ते प्रश्नावरून मला नीट कळलं नाही. नऊ तासांत बसायला किती वेळ मिळतो? कंबर रात्रीतून मोकळी होते की सकाळीही तशीच धरलेली असते? तेवढं खाली लिहा.