फोन आणि लॅपटॉप एकत्र वापरून रोजचे काम सुरळीत कसे करावे?

तुम्ही लिहिले आहे की अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप ही दोन्ही साधने जवळ असूनही फोनमधला प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद लॅपटॉपवर नेण्यासाठी तुम्हाला तो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवावा लागतो, आणि यापेक्षा बरी पद्धत आहे का, असे तुम्ही विचारले आहे. बरी पद्धत आहे, एक नव्हे तर तीन-चार आहेत. परंतु त्या सांगण्याआधी मला या व्हॉट्सॲपवर पाठवण्याच्या सवयीबद्दलच लिहायचे आहे, कारण तिच्यापायी आमच्या सोसायटीचे दोन महिने वाया गेले आणि तो प्रसंग मी अजून विसरलेले नाही.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. आमची १९८६ साली बांधलेली, दोन विंगांची, ३२ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे आणि मी तिची मानद सचिव आहे. विकासकाने इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे कधीच करून दिली नव्हती. त्यामुळे २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचे ठरवले. ज्यांनी हे केले आहे त्यांना कागदपत्रांचा डोंगर सांगायला नको. सभासदांचे करारनामे, इंडेक्स टू (म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा), मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि प्रत्येक सदनिकेच्या क्षेत्रफळासह सभासदांची यादी.

तेव्हाचे आमचे अध्यक्षकाका बँकेतून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांच्या वयाचे आणि हिशेबाला अत्यंत चोख. मी सभेत सुचवले की दोन रविवार मी सोसायटीच्या ऑफिसात बसते, सभासदांनी मूळ करारनामे घेऊन यावे, मी फोनने पाने स्कॅन करून तिथल्या तिथे लॅपटॉपवर घेते. काका म्हणाले, “इतका खटाटोप कशाला? सगळ्यांनी आपापले फोटो ग्रुपवर टाका. फोनवर आले की झाले, मध्ये तो कॉम्प्युटर कशाला आणता?” सगळ्यांना ते सोपे वाटले आणि तसेच ठरले.

चार दिवसांत ग्रुपवर पाचशेहून अधिक फोटो आले. कोणाचे पान आडवे, कोणाच्या पानावर अंगठा, कोणाचे सातवे पान दोनदा आणि आठवे नाहीच. मधूनमधून पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना आणि गणपतीच्या वर्गणीची यादी. मी रात्री व्हॉट्सॲप वेब उघडून एकेक फोटो उतरवून घेत बसे. प्रत्येक फाइलचे नाव ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे तारीख-वेळ, त्यामुळे कोणते पान कोणत्या सदनिकेचे हे नावावरून कळायची सोय नव्हती. पाने जुळवता जुळवता जीव मेटाकुटीला आला.

आणि त्यातले एक पान मला आजही डोळ्यांसमोर दिसते. बी विंगमधल्या एका सभासदाचा मूळ करारनामा टाइपरायटरवर केलेला होता आणि त्यांच्याकडे होती ती कार्बनची प्रत. अक्षरे जांभळट, कडा फुटलेल्या. क्षेत्रफळाच्या आकड्यात मधला अंक इंग्रजी तीन (3) होता. पण फोटोत त्या तिनाची डावीकडची उघडी बाजू डागासारखी भरून आली होती. मी फोटो मोठा करून पाहिला, तर अंक मोठा होण्याऐवजी चौकोनी ठिपके मोठे झाले. मी यादीत ४८५ चौरस फूट लिहिले. खरे क्षेत्रफळ होते ४३५. अशीच चूक आणखी दोन सदनिकांच्या बाबतीत झाली. बेरीज वास्तुविशारदाच्या दाखल्याशी जुळेना आणि छाननीत त्रुटी निघाली. ती निघाली हे योग्यच झाले, यादी चुकीची होती आणि ती मी केली होती. मग नवी यादी, नवे प्रतिज्ञापत्र, पुन्हा सगळ्यांच्या सह्या. त्यातले एक सभासद मुलीकडे नाशिकला गेलेले. कोर्ट नाक्याजवळच्या वकिलांच्या कार्यालयात माझे किती हेलपाटे झाले, हे मोजायचे मी सोडून दिले.

हे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. साधारण १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेला फोटो ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा असतो. करारनाम्याचा लांब कागद १४ इंचांचा धरला आणि त्याने फोटोची पूर्ण चौकट व्यापली, तर इंचाला सुमारे २८५ ठिपके मिळतात. कागदपत्रे स्कॅन करताना इंचाला ३०० ठिपके ठेवतात, म्हणजे आपला फोन जवळजवळ स्कॅनरच्या तोडीचे काम करतो. तोच फोटो त्या काळी व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलपर्यंत खाली यायची. इंचाला उरले ११४ ठिपके, आणि वर फाइल लहान करण्यासाठी केलेले दाबकाम वेगळेच. गणपतीच्या आरासीच्या फोटोला त्याने काही बिघडत नाही. कार्बन प्रतीतल्या तिनाचा मात्र आठ होतो. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये एचडीचा पर्याय आला आहे, पण तोही मूळ फोटो नव्हे. पाठवायचेच असेल, तर जोडणीच्या चिन्हात जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, मग फाइल जशीच्या तशी जाते.

माझे ठाम मत असे आहे की फोन हे कागद गोळा करण्याचे साधन आहे आणि संगणक हे ते मांडून ठेवण्याचे. फोन खिशात असतो, त्याला कॅमेरा आहे, माइक आहे. गच्चीवर, मीटरच्या खोलीत, निबंधक कार्यालयाच्या रांगेत तोच उपयोगी पडतो. परंतु ३२ जणांची यादी तपासायची, दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायचे, तर मोठा पडदा आणि कीबोर्डच हवा. या दोहोंमधली ने-आण थेट असावी. गप्पा मारण्याच्या ग्रुपमधून ती कधीही करू नये.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही केबलचा आहे. फोन लॅपटॉपला जोडल्यावर फोनच्या पडद्यावर सूचना येते, तिच्यात ‘फाइल ट्रान्सफर’ निवडले की लॅपटॉपवर फोन एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो आणि फोटो ‘डीसीआयएम’मधल्या ‘कॅमेरा’ या फोल्डरमध्ये मिळतात. सूचनाच आली नाही तर फोन बिघडला असे समजू नका, बहुधा केबल फक्त चार्जिंगची असते. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींमध्ये अशा पुष्कळ असतात. फोनच्या खोक्यातली मूळ केबल जपून ठेवावी.

केबलचा कंटाळा असेल तर क्विक शेअर घ्यावे. पूर्वी याला निअरबाय शेअर म्हणत, २०२४ मध्ये नाव बदलले. फोनमध्ये ते असतेच, विंडोजवर गूगलचे त्याच नावाचे ॲप्लिकेशन टाकावे लागते. मी ५०-६० पाने एका वेळी याच मार्गाने नेते आणि मूळ दर्जात तसूभरही फरक पडत नाही. त्याखेरीज विंडोजमध्ये ‘फोन लिंक’ आहे. फोनवर ‘लिंक टू विंडोज’ घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवरचे संदेश, सूचना आणि अलीकडचे फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर दिसू लागतात, ब्लूटूथ असेल तर फोनही तिथूनच घेता येतो. काम करताना दर पाच मिनिटांनी फोन उचलण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती यामुळे बरीच सुटते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी केडीई कनेक्ट आहे आणि ते विंडोजवरही चालते, मात्र दोन्ही साधने एकाच वाय-फायवर हवीत. कार्यालयातल्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर ती एकमेकांना बहुधा दिसत नाहीत, कारण तिथे एका उपकरणाला दुसऱ्यापासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.

या सगळ्यांहून मला अधिक मोलाची वाटते ती एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी तरी अवश्य करून पाहावी. फोनच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडून माइकचे चिन्ह दाबले की आपण बोललेले मराठी बऱ्यापैकी शुद्ध उमटते. मी फोनवर गूगल डॉक्समध्ये एक दस्तऐवज उघडून ठेवते आणि गच्चीवर टाकीपाशी उभी राहून पाहणी तोंडी सांगत जाते, “ए विंगच्या टाकीच्या झाकणाची बिजागरी तुटली आहे, प्लंबरला कळवावे.” खाली येऊन लॅपटॉप उघडते तेव्हा तोच मजकूर तिथे आलेला असतो. विरामचिन्हे आणि नावे दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मी आता असेच करते, पूर्वी त्याला दोन संध्याकाळी लागत. एक अडचण जुन्या मजकुराची आहे. आमच्या आधीच्या सचिवांची पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली होती. ती फोनवर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. अशा फाइली फॉन्ट परिवर्तकातून काढून एकदाच युनिकोडमध्ये आणाव्या, आणि तोपर्यंत त्यांची पीडीएफ करून ठेवावी.

फाइलींची नावे त्याच दिवशी बदलावी. मी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर सदनिका क्रमांक आणि कागदाचे नाव असे लिहिते. त्यामुळे फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. आठवड्याने करू म्हटले की ते होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता काही इशारे, जे खरे तर वरच द्यायला हवे होते. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती मेल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींना मिळून आहे, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी तिथल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडले असेल तर निघताना ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते बंद करा. फोन दुकानाबाहेर नेला तरी ते चालूच राहते. आणि स्कॅन कितीही उत्तम असला तरी मूळ कागद फेकू नये. आमच्या त्या तीन सदनिकांचे क्षेत्रफळ शेवटी खरे कुठून मिळाले, तर सभासदांच्या कपाटातल्या त्या जुन्या कागदांतूनच.

अध्यक्षकाकांचे म्हणणे मात्र त्यानंतरही बदलले नाही. २०२३ च्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की संस्थेच्या अभिलेखासाठी ग्रुपवर पाठवलेले फोटो यापुढे स्वीकारले जाणार नाहीत. काका उभे राहून म्हणाले, “वयस्कर सभासदांनी काय करायचे? त्यांना ग्रुपवर फोटो टाकता येतो, तुमचे स्कॅनिंग येत नाही.” हा आक्षेप खरा होता आणि मी तो मान्य केला. म्हणून ठरावात एक वाक्य वाढवले: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी १० ते १२ सचिव लॅपटॉप आणि केबल घेऊन ऑफिसात बसतील, आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्या घरी स्वतः जातील. ठराव २१ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या दोन मतांपैकी एक काकांचे होते आणि त्यांच्याच आग्रहावरून ते इतिवृत्तात नावासह नोंदवले आहे.

पुढच्या पहिल्या रविवारी सर्वांत आधी तेच आले. कापडी पिशवीत गुंडाळलेला त्यांचा करारनामा त्यांनी टेबलावर ठेवला आणि पाने उलटायला स्वतःच बसले. ३८ पाने होती. अकरा मिनिटे लागली.