पौगंड नेमका कधीचा?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, पालकसभेसाठी केलेल्या तक्त्यात त्यांनी 'पौगंडावस्था : वय १० ते १९' असे लिहिले होते, सभेला आलेल्या, भागवत नेमाने वाचणाऱ्या एका आजोबांनी ते चुकीचे ठरवले आणि पौगंड म्हणजे पाच ते दहा, त्यापुढचे ते कैशोर, असे सर्वांसमक्ष सांगितले. तक्ता बदलावा का, आणि अर्भक, कुमार, किशोर, प्रौढ या शब्दांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

तक्त्यातली ही ओळ बदलू नये, असे माझे मत आहे. मात्र आजोबांचे म्हणणे निराधार नाही. 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि' हे वचन भागवताच्या टीकापरंपरेत प्रसिद्ध आहे. पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन, अशी ती वाटणी आहे. दशमस्कंधात राम-कृष्ण पौगंड वयाला पोहोचतात तेव्हा तोवर वासरे राखणाऱ्या त्या दोघांवर गाई राखण्याचे काम सोपवले जाते. वासरांकडून गाईंकडे जाणे हीच तिथे मोठे झाल्याची खूण आहे, आणि सहा-सात वर्षांच्या गुराख्याला ती शोभतेही.

परंतु संस्कृतात या शब्दाचा तेवढाच एक अर्थ नाही. नारदस्मृतीला गुराख्यांशी कर्तव्य नाही. व्यवहार करण्यास, म्हणजे देण्याघेण्यास आणि न्यायालयात उभे राहण्यास माणूस केव्हा पात्र होतो, हा तिचा प्रश्न आहे. तिच्या मते आठव्या वर्षापर्यंतचे मूल गर्भातल्या मुलासारखेच समजावे, सोळाव्या वर्षापर्यंत तो बाल आणि त्यालाच पोगंडही म्हणतात, आणि त्यानंतर तो व्यवहारज्ञ होतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला पौगंड म्हणण्याला जुना आधार आहेच. मराठीने या शब्दाला आणखी दोन-तीन वर्षे पुढे ढकलले, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या १० ते १९ या वयोगटाचा वेगळा विचार करते, त्याला आज आपली वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके आणि डॉक्टर 'पौगंडावस्था' हाच शब्द वापरतात. शब्दाचा अर्थ बोलणारे आणि लिहिणारे ठरवतात. व्युत्पत्ती फारतर त्याचे मूळ गाव सांगते.

हिंदीने याच वयोगटासाठी 'किशोर' निवडला. केंद्र सरकारचा २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम याच दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्याचे फलक आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांतही लागत असल्यामुळे गोंधळ वाढतो. मराठी कानाला किशोर त्याहून लहान वाटतो. बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक शाळकरी मुलांचे आहे. खो-खोच्या मैदानावर तर संस्कृतातला क्रम चक्क उलटा झालेला दिसतो: चौदा वर्षांखालचा तो किशोर गट आणि अठरा वर्षांखालचा तो कुमार गट. भागवताच्या हिशेबाने किशोर हा कुमाराचा थोरला भाऊ. आपल्या मैदानावर तो धाकटा झाला आहे. त्यातच 'कुमार' आणि 'कुमारी' या शब्दांना अविवाहितपणाचा अर्थ चिकटल्यामुळे चाळिशीच्या बाईंच्या नावाआधीही 'कु.' लागते. वयाच्या तक्त्यासाठी हा शब्द निरुपयोगी झाला आहे, तो गाळावा.

अर्भकाचेही असेच झाले आहे. आज बातमीत 'अर्भक' वाचले की आपल्यासमोर दुपट्यात गुंडाळलेला जीव येतो, आणि अर्भक मृत्युदर मोजतात तो एक वर्षाच्या आतल्या मुलांचा. तुकोबांच्या 'अर्भकाचे साठी । पंते हाती धरिली पाटी' या ओळीतले अर्भक मात्र पाटीवर अक्षरे गिरवण्याच्या वयाचे आहे. दुपट्यातल्या मुलासाठी कोणतेही पंतोजी पाटी हाती धरणार नाहीत. सतराव्या शतकातून इथवर येताना हा शब्द वयाने लहान होत गेला, तर पौगंड मोठा होत गेला. एकाच तक्त्यातले दोन शब्द विरुद्ध दिशांना सरकले, हे मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मौजेचे वाटते.

वर्षांऐवजी दुसऱ्या कशाने वय मोजणारे शब्द जास्त टिकाऊ असतात. सुश्रुताने सोळा वर्षांखालच्या बालांचे तीन प्रकार केले आहेत ते आहारावरून: वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद. घरातल्या बायका अजूनही असेच मोजतात. 'अजून अंगावर पिते', 'उष्टावण झाली', 'पालथे पडते', 'धरून उभे राहते' असे सांगितले की महिने विचारावे लागत नाहीत. पुढच्या टप्प्यासाठीही 'मिसरूड फुटले', 'वयात आली' हेच बोलण्यातले शब्द आहेत. 'माझा मुलगा पौगंड आहे' असे कोणतीही आई म्हणत नाही. हा शब्द मराठीत एकट्याने फारसा वावरत नाही, तो पौगंडावस्था किंवा पौगंडवयीन अशा समासातच येतो, आणि छापताना पुष्कळदा त्यातला अनुस्वार एक घर मागे सरकून 'पौंगडावस्था' होतो. तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे. शिवाय 'वयात येणे' हा पौगंडावस्थेला पर्याय नव्हे. वयात येणे ही त्या काळातली एक घडामोड आहे, आणि तिच्या मागेपुढे पौगंडावस्थेची बरीच वर्षे उरतात.

आपल्या गोव्यात या शब्दांना शेजारच्या कोकणीची सोबत आहे. तिथे वय म्हणजे 'पिराय'. हा संस्कृत 'प्राय'च आहे, आणि कन्नडातही 'प्राय' वयासाठी चालतो. मूल ते 'भुरगें', तरुण तो 'तरणाटो', वडीलधारा तो 'जाणटो', आणि ज्याला अजून समज नाही तो 'नेणटो'. आमच्या वाड्यावरच्या एका आजींच्या तुळशीची कुंडी नातवाने चेंडूने फोडली, तेव्हा आई हात उगारून धावली, आणि आजींनी मातीतले रोप उचलता उचलता एवढेच म्हटले, "नेणटें तें, ताका कितें कळटा!" नातू नऊ वर्षांचा होता. भागवताप्रमाणे तो पौगंड ठरतो, नारदाप्रमाणेही ठरतो. आजींच्या हिशेबाने तो नेणता होता आणि मार चुकवायला तेवढे पुरले. कायद्याची मराठीही वेगळे काही करत नाही: अठरा पूर्ण होईपर्यंत 'अज्ञान', त्यानंतर 'सज्ञान'.

तक्त्यातल्या ज्या ओळीवर आजोबांनी बोट ठेवले नाही, ती मला खरी खटकते: 'प्रौढ : १८ वर्षांनंतर'. प्रौढ मताधिकारात मतदाराचे वय १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आले, त्यामुळे कागदोपत्री अठराचा मुलगा प्रौढ आहे हे बरोबर. पण बोलण्यातल्या मराठीत प्रौढ माणसाच्या कानशिलांवरचे केस पिकू लागलेले असतात, आणि बारावीच्या मुलाला प्रौढ म्हटले तर तो स्वतःच हसेल. तिथे 'सज्ञान : १८ पूर्ण' असे लिहावे, त्याखाली 'तरुण' आणि 'प्रौढ' हे वर्षे न घालता द्यावेत. 'पौगंडावस्था' आहे तशीच ठेवून आजोबांना नारदस्मृती दाखवावी. ते वाचणारे आहेत, त्यांना आनंदच होईल. 'सज्ञान' जड वाटून त्याजागी 'जाणती मुले' लिहिण्याचा मोह मात्र टाळावा, कारण फोंड्यातल्या सभेत मागच्या बाकावरच्या मुलांना त्यात 'जाणटीं' ऐकू येईल, आणि त्यांच्या लेखी जाणटे म्हणजे सभेला आलेले ते आजोबा.