व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांत तरुण मुलांच्या ‘मी कोण’ या प्रश्नाचं खरंच काही असतं, की सगळा प्रेमाचाच मामला?

प्रेमाचा मामला असतोच, त्यात लाजायचं काय! ‘ट्वायलाइट’ (२००५) मी सतराव्या वर्षी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलंय. पण मनात रुतला तो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचा प्रसंग. बेलाला स्वप्नात समोर आजी दिसते. हळूहळू कळतं की तो आरसा आहे आणि आतली म्हातारी ती स्वतःच. जागी होते तो तिचा अठरावा वाढदिवस! तिचा प्रियकर एडवर्ड मात्र व्हॅम्पायर, १९१८ पासून सतराचाच. वाढदिवसाचा असा धसका घेणारी नायिका मला तेव्हा अगदी जवळची वाटली होती.

‘ड्रॅक्युला’त (१८९७) व्हॅम्पायरला ‘मी कोण’ विचारणं शक्यच नव्हतं. ती कादंबरी डायऱ्या नि पत्रांची, आणि त्या लिहिणारे बहुतेक ड्रॅक्युलाच्या मागावरचे लोक. त्याची बाजू कोण सांगणार? १९७६ मध्ये अ‍ॅन राइसने ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये व्हॅम्पायरलाच मुलाखतीला बसवलं आणि तो ‘मी’ म्हणून बोलू लागला. त्यातली क्लॉडिया पाच वर्षांची असताना व्हॅम्पायर होते. पुढे मन बाईचं होतं, शरीर बाहुलीचंच राहतं. १९९४ च्या सिनेमात ती चिडून आपले कुरळे केस कापते, आत जाते, आणि केस परत होते तेवढेच झालेले असतात. तिची ती किंचाळी! आपलं शरीर आपलं ऐकत नाही, हे त्या वयात प्रत्येकालाच कधी ना कधी वाटतं.

माझी सगळ्यात आवडती मात्र लिंडक्विस्टची ‘लेट द राइट वन इन’ (२००४). स्टॉकहोमचं एक उपनगर, साल १९८१. बारा वर्षांचा ऑस्कर शाळेत रोज मार खातो. शेजारी राहायला आलेली एली त्याला आधीच विचारून ठेवते, मी मुलगी नसले तरी आवडेन का? पुढे ती त्याच्या दारात येते. व्हॅम्पायरला ‘ये’ म्हटल्याशिवाय आत येता येत नाही, हा जुनाच नियम. ऑस्कर मुद्दाम म्हणत नाही, बघू तरी काय होतं ते. ती तशीच आत येते आणि तिच्या अंगातून रक्त झिरपायला लागतं. मग मात्र तो घाबरून ‘ये, ये’ करतो. ‘मला आहे तशी आत घेशील का’ हे विचारायला लेखकाला एकही भाषण लागलेलं नाही.

व्हॅम्पायरांच्या शाळा-कॉलेजांच्या मालिका मी दोन-तीन वाचल्या नि सोडल्या. सुळे काढून घेतले तर वर्गातले रुसवेफुगवेच उरतात.

अलीकडची हवी असेल तर क्लेअर कोहडाची ‘वूमन, ईटिंग’ (२०२२) घ्या. लिडियाचा बाप जपानी माणूस, आई व्हॅम्पायर. आईने लहानपणापासून मनावर बिंबवलंय की आपण वाईट आहोत, डुकराच्या रक्तावर भागवायचं. पहिल्यांदाच एकटी राहणारी ही पोरगी उपाशीपोटी लोकांचे जेवणाचे व्हिडिओ बघत बसते. बापाकडचे पदार्थ तिला खाताच येत नाहीत आणि आईकडच्या भुकेची लाज वाटते. प्रेमप्रकरण त्यात आहे, पण मला ते आता नीट आठवतही नाही. तो उपास आठवतो.

सुरुवात हिच्यापासूनच करा. लिंडक्विस्ट मात्र रात्री वाचू नका. एलीमुळे नाही, ऑस्करच्या शाळेतल्या मुलांमुळे.