एकाच इव्हेंट लूपवर वेब ॲप आणि सेन्सरचा टीसीपी सर्व्हर कसा चालवायचा?

तुमचा प्रश्न मला असा कळला: शेतकरी उत्पादक कंपनीसाठी पायथनच्या एआयओएचटीटीपी या वेब लायब्ररीवर वेब ॲप केलंय. बागेतले ओलाव्याचे सेन्सर सिमकार्डवरून टीसीपीने आकडे पाठवतात. दोन्ही एकाच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, एकाच प्रोग्राममध्ये हवेत. पण वेब ॲप सुरू करणारं रन_ॲप लिहिलं की त्याखालची ओळ चालतच नाही, आणि सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये टाकला तर फ्युचर (नंतर मिळणारा निकाल) दुसऱ्या लूपला जोडलेला असल्याची एरर येते. शिवाय कोणी एक्सेल रिपोर्ट काढला की सेन्सर तुटतात.

मी वरुड तालुक्यात संत्र्याच्या बागांसाठी असंच काम सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

रन_ॲप स्वतः इव्हेंट लूप (सगळी कामं पाळीपाळीने चालवणारी यंत्रणा) सुरू करतं आणि वेब सर्व्हर बंद होईपर्यंत परतच येत नाही. खालची ओळ चालत नाही ती त्यामुळे. थ्रेड केला की तिथे दुसरा लूप तयार होतो. मग एका लूपवरची क्यू किंवा लॉक दुसऱ्या लूपवरून अवेट केली (म्हणजे लूप इतरांना मोकळा करून तिची वाट पाहिली) की तीच एरर. म्हणून थ्रेड काढून टाका आणि लूपची मालकी वेब फ्रेमवर्ककडून स्वतःकडे घ्या.

म्हणजे काय, तर स्वतःचं एक मुख्य असिंक फंक्शन लिहा आणि पूर्ण प्रोग्राममध्ये असिंकआयओ.रन (असिंकआयओ म्हणजे पायथनची इव्हेंट लूपची लायब्ररी) एकदाच, त्याच्यासाठी बोलवा. त्या फंक्शनमध्ये वेब ॲप ॲपरनरला द्या, त्याचा सेटअप अवेट करा, मग टीसीपीसाइट बनवून तिचा स्टार्ट अवेट करा. हा स्टार्ट अडून बसत नाही. पोर्ट उघडलं की लगेच परत येतो. पुढच्याच ओळीत असिंकआयओ.स्टार्ट_सर्व्हरने सेन्सरचं पोर्ट उघडा. शेवटी एका असिंकआयओ इव्हेंटची (सेट होईपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या खुणेची) वाट पाहत थांबा. एवढ्यात दोन्ही सर्व्हर एकाच लूपवर आले.

दुसरी वाट आहे क्लीनअप_सीटीएक्सची, म्हणजे ॲप सुरू आणि बंद होताना आपला कोड चालवायच्या एआयओएचटीटीपीच्या सोयीची. यील्डच्या आधी सेन्सरचा सर्व्हर सुरू करायचा, यील्डनंतर बंद करायचा, आणि रन_ॲप आहे तसंच ठेवायचं. ओळी कमी लागतात, सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्याचा) सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ हा सिग्नलही रन_ॲप स्वतःच हाताळतं. तरी तुमच्यासाठी मी पहिलीच वाट सुचवेन. उद्या त्यात एमक्यूटीटी (सेन्सरचे संदेश पाठवायची पद्धत) येईल, मोटरचा स्टार्टर येईल, आणि आकडे घेणं हे वेब पानावर अवलंबून राहू नये. फक्त सिगटर्म तुम्हाला हाताळावा लागेल, कारण असिंकआयओ.रन तो पकडत नाही. ॲड_सिग्नल_हँडलरने तोच इव्हेंट सेट करा, झालं.

आता एक्सेल रिपोर्ट. लूप कोणाच्या हातून काम काढून घेत नाही. सामाईक विहिरीवर ज्याची पाळी आहे त्याने स्वतः मोटर बंद केल्याशिवाय दुसऱ्याला पाणी मिळत नाही, तसंच इथे अवेट येईपर्यंत बाकी सगळे थांबतात. रिपोर्टची फाइल बनते तेवढा वेळ सेन्सरला उत्तर जात नाही आणि तो कनेक्शन तोडतो. फाइल बनवणारं साधं फंक्शन वेगळं काढा आणि असिंकआयओ.टू_थ्रेडने चालवा (पायथन ३.९ पासून आहे). त्या फंक्शनमधून लूपच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका, डेटाची प्रत द्या आणि तयार फाइल परत घ्या. रिक्वेस्ट्स लायब्ररी, टाइम.स्लीप, एसक्यूलाइट३ यांनाही हाच नियम. आणखी कोण लूप अडवतंय ते शोधायला पायथनअसिंकआयओडीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून बघा. ०.१ सेकंदाहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक गोष्ट लॉगमध्ये दिसते.

एका लूपचा मोठा फायदा म्हणजे ताजे आकडे साध्या डिक्शनरीत ठेवता येतात. एक अवेट ते दुसरा अवेट, मध्ये कोणी शिरत नाही, लॉक लागत नाही. पण अवेटच्या पलीकडे तो भरवसा नाही. वेबसॉकेटने (पानाशी उघडं राहणाऱ्या कनेक्शनने) सगळ्या मोबाइलना आकडा पाठवताना फॉर लूपच्या आत अवेट असतो. तेवढ्यात एखाद्याने पान बंद केलं की जोडलेल्या मोबाइलचा सेट बदलतो आणि रनटाइमएरर येते. आधी सेटची लिस्ट करून तिच्यावर फिरा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त त्रास लाइनचा. लाइन गेली की बॅटरी नसलेला मोडेम कनेक्शन बंद केल्याचं न सांगताच मरतो. सर्व्हरच्या लेखी तो जोडलेलाच राहतो आणि पुढची ओळ वाचणारी रीडलाइन बसून राहते. टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का हे तपासणं) चालू केला तरी लिनक्समध्ये त्याची पहिली तपासणी मूळ सेटिंगप्रमाणे ७२०० सेकंदांनी होते. म्हणून रीडलाइनला असिंकआयओ.वेट_फॉर लावा. सेन्सर दर दहा मिनिटांनी बोलत असेल तर पंचवीस मिनिटांची मुदत द्या, ती संपली की रायटर (त्या कनेक्शनवर लिहिणारी वस्तू) बंद करा आणि वेब पानावर ‘आकडा जुना आहे’ असं वेळेसकट दाखवा. हे मी आग्रहाने सांगतो. आंबिया बहारासाठी बाग ताणावर (पाणी तोडून) सोडलेली असताना शेतकरी रोज तो आकडा बघतो. जुना आकडा ताजा म्हणून दिसला तर ताण कधी तोडायचा याचा अंदाजच चुकतो, आणि बहार गेला तर तो त्या वर्षी परत येत नाही.

पुढे कधी फास्टएपीआय या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कवर गेलात तर हेच काम लाइफस्पॅनमध्ये (ॲप सुरू-बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) करा. ते चालवणाऱ्या युव्हिकॉर्न सर्व्हरचा वर्कर मात्र एकच ठेवा. प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस आणि वेगळा लूप, त्यामुळे दुसरा वर्कर सेन्सरचं तेच पोर्ट उघडायला जातो आणि ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून पडतो.

बंद करतानाची एक अडचण पायथन ३.१२ पासून आली आहे. सर्व्हरचा वेट_क्लोज्ड आता सगळी चालू कनेक्शनं संपेपर्यंत थांबतो. तुमचे सेन्सर कनेक्शन धरूनच बसलेले असतात, त्यामुळे सर्व्हिस थांबवली की प्रोग्राम अडकतो आणि सिस्टमडी मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंदांनी त्याला मारून टाकतो. चालू रायटरांचा एक सेट स्वतः ठेवा. क्लोज बोलावल्यावर आधी ते सगळे बंद करा, मगच वेट_क्लोज्ड अवेट करा आणि त्यानंतर ॲपरनरचा क्लीनअप. ३.१३ मध्ये यासाठी क्लोज_क्लायंट्स आलंय, पण पायवर तुमच्याकडे जुनी आवृत्ती असू शकते. रास्पबेरी पायच्या बुकवर्म ओएससोबत ३.११ येतं. तिथेही सेट ठेवलेला बरा, म्हणजे पुढे अपग्रेड केल्यावर कोड बदलावा लागणार नाही.